नाव शंभर वर्षांचं, ओळख कालची

नाशकात किडीचा विषय निघाला की द्राक्ष आलंच. आज आम्ही सुरुवात करतो ती मालेगाव, येवला, नांदगावकडच्या कपाशीपासून. पाते लागतात आणि उमलायच्या आत गळतात. अळी दिसत नाही, पोखरल्याची खूण नाही. मग पावसाला दोष, खताला दोष. कधीकधी तो खराही असतो. पण कधी पात्याचा रस शोषून एक लहानसा ढेकूण केव्हाच उडालेला असतो. हा मिरिड ढेकूण, शास्त्रीय नाव क्रिओंटियाडिस बिसेराटेन्सिस.

या प्रजातीचं नाव ठेवलं विल्यम ल्युकस डिस्टंट या इंग्रजाने, 1883 मध्ये. गृहस्थ कातडी कमावण्याच्या कारखान्यात नोकरीला आणि उरलेला वेळ ढेकणांना! तेव्हा तो मध्य अमेरिकेतले नमुने तपासत होता. पुढच्याच वर्षी त्याने तिकडच्या एका जातीला सिग्नॅटस म्हटलं. आपल्या ढेकणाचं वर्णन त्याने 1903 मध्ये केलं, तेही मलाय द्वीपकल्पातल्या बिसेरात गावच्या नमुन्यावरून. ते नमुने आणणाऱ्यांपैकी एक नेल्सन अ‍ॅनंडेल, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पुढे पहिले संचालक झालेले. डिस्टंटने ही जात आधी दुसऱ्याच प्रजातीत घातली होती; आजची जोडणी नंतरची. वर्णनंही त्याची त्रोटकच. पण नाव तरी लागलं.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं या किड्याची शेतकऱ्याला फारशी गरज पडली नाही. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटीतलं प्रथिन बोंडअळीचं पोट बिघडवतं, रस शोषणाऱ्या ढेकणाला त्याचं काही नाही. पूर्वी बोंडअळीसाठी मारलेल्या औषधात हाही मरत असे. त्या फवारण्या कमी झाल्या आणि 2005च्या सुमारास उत्तर कर्नाटकात त्याने डोकं वर काढलं.

गंमत म्हणजे त्याच दशकात दक्षिण टेक्ससच्या कपाशीतही असाच ढेकूण सापडला. तो ऑस्ट्रेलियातून आला असावा, असं आधी तिकडच्या अभ्यासकांना वाटलं. नीट तपासलं तर निघाला डिस्टंटचाच सिग्नॅटस, तिथलाच रहिवासी! परका समजलात तर तो कुठून आत शिरला हे शोधत बसाल. घरचा असेल तर बांधावरची झाडं-तण आधी पाहावी लागतात.

तेव्हा पातेगळ दिसली की फवारणीचा पंप उचलण्याआधी सकाळी झाडाखाली पांढरं फडकं धरा, झाड हलवा आणि काय पडतं ते बघा.