पाण्यावरून ओळखलेलं नगर

नगर शहराचे भाग मला आधी पाण्यावरून कळले, पत्त्यावरून नंतर. आमची आजी माळीवाड्यातली. कुणाचं घर सांगायचं झालं की ती गल्लीचं नाव घ्यायची नाही; अमक्या हौदापुढचा वाडा, तमक्या हौदामागचा बोळ, अशीच तिची खूण. त्यातले कित्येक हौद तेव्हाच कोरडे पडले होते, काहींच्या जागी दुकानं उभी राहिली होती. तिच्या लेखी ते सगळे भरलेले होते.

या हौदांतलं पाणी कुठून यायचं, ते आजोबांनी सांगितलं. मलिक अहमदनं 1490 मध्ये बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे सीना नदीच्या डाव्या तीरावर शहर वसवलं. जागा मोक्याची, पण मुलूख पर्जन्यछायेतला, आणि सीनेचा भरवसा पावसाळ्यापुरताच. मग त्यानं स्थापलेल्या निजामशाहीनं आसपासच्या उंचावरच्या गावांकडून, कापूरवाडी, वडगाव, शेंडीकडून, जमिनीखालून खापरी नळ आणले. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून चुन्यात पक्के केलेले. ना मोट, ना रहाट. नुसत्या उतारानं पाणी शहरात यायचं. अंतराअंतरावर विहिरीसारखी तोंडं ठेवलेली असत. त्यांतून हवा खेळायची आणि गाळ काढायला माणूस आत उतरायचा. झेंडीगेटजवळचे एक चाचा आजोबांचे जिवलग. त्यांच्या वाडवडिलांपैकी कुणीतरी हे काम केलेलं. दिवा घेऊन आत जायचं आणि ज्योत मंदावली की हातातलं काम टाकून मागे फिरायचं, हा घराण्यातला नियम ते आम्हा पोरांना बजावून सांगत, जणू उद्या आम्हालाच उतरायचंय.

शहर फिरताना तोफखाना भागात आजोबा हटकून थांबायचे. विजापूरच्या बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 मध्ये नगरलाच ओतली गेली. महम्मद रूमी हा तिचा कारागीर. ती परांड्याच्या किल्ल्यावर गेली आणि तिथून 1632 मध्ये विजापूरला. एवढं धूड बैलांनी कसं ओढलं असेल, हे सांगताना आजोबांचा आवाज चढायचा. पुढे याच भागात तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर स्थिरावले. लहानपणी तिथून जाताना मागांची खडखड ऐकू यायची आणि दारादारांत तेलुगू बोलणं.

भिंगार नगरपेक्षाही जुनं. तिथली आत्या बाजाराला निघताना 'नगरला जाऊन येते' म्हणायची, परगावी निघाल्यासारखी. कॅन्टोन्मेंटमुळे भिंगारचा कारभार पुढेही वेगळाच राहिला.

आजीच्या गोष्टींत एक जागा मात्र रिकामी असायची. ती भरली आजोबांच्या शाळेतल्या एका ख्रिस्ती गुरुजींनी. ते ख्रिस्त गल्लीत राहत. त्यांच्या आजीला जातीमुळे हौदाला हात लावायची मुभा नव्हती. घागर खाली ठेवून ती लांब उभी राहायची आणि कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी मिळायचं. कधी मिळायचंही नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 मध्ये आलं. मिशनच्या मिस फरार यांच्याकडे इथेच सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं. ही नावं आम्ही पुस्तकात वाचली होती, पण मिशनच्या शाळेत लेकरू घालणाऱ्या आईला घरी पाणी कसं मिळत होतं, ते गुरुजींमुळे कळलं. खापरी नळांची थोरवी सांगणाऱ्यानं ती घागरही सांगितलीच पाहिजे, असं मला तेव्हापासून वाटतं. नळ बांधणाऱ्यांचं कसब त्यानं उणं होत नाही. पण शहर कुणासाठी किती जवळ होतं, ते समजतं.

आता घराघरात मुळा धरणाचं पाणी येतं, वसंत टेकडीच्या टाक्यांतून. सावेडी आणि केडगाव, जिथे आजी गेली असती तर 'शेतात गेले होते' म्हणाली असती, तिथे आज नव्या वसाहती आहेत. 2003 मध्ये महापालिका झाली, 2024 मध्ये शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. सावेडीत वाढलेल्या माझ्या भाचीला जुनं गाव म्हणजे कापड बाजार आणि दिवाळीची खरेदी. तिनं परवा विचारलं, माळीवाड्याला वेस का आहे. मी तिला वेशीपाशी नेणार नाही. आधी कापूरवाडीला नेईन आणि उतार धरून चालत शहरात आणीन. वाटेत जिथे रस्ता खणलेला असेल तिथे खापरं दिसतात का, तेही बघू.