हरणाचे स्वयंवर

जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेची ‘द कॉरिन्थियन’ ही 1940 सालची हलकीफुलकी ऐतिहासिक प्रणयकादंबरी वाचीत असता, नात्यातल्याच एका नावडत्या मुलाशी ठरविलेले लग्न चुकविण्यासाठी मुलाचा वेष करून आणि चादरींना गाठी मारून रात्री खिडकीतून उतरणारी तिची नायिका माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, आणि त्याच क्षणी मला वऱ्हाडातल्या वर्धा नदीच्या काठचे कौंडिण्यपूर आठवले. विलायतेतल्या या कथानकाचे मूळ सर्वांस ठाऊक आहे: 1753 च्या विवाहकायद्याने इंग्लंडात वडीलधाऱ्यांच्या संमतीवाचून अल्पवयीनांना लग्न करणे दुर्घट झाले, आणि पळून जाणारी जोडपी स्कॉटलंडच्या सीमेवरचे ग्रेटना ग्रीन गाठू लागली. आपली ऐतिहासिक कादंबरी 1871 च्या ‘मोचनगडा’पासून सुरू झाली व तिला इंग्रजी वळण होते, हेही निर्विवाद आहे. परंतु नको असलेल्या नवरदेवाच्या तावडीतून बुद्धीच्या बळावर निसटणारी नायिका आपल्याला इंग्रजांकडून उसनी घ्यावी लागली नाही. तिची सनद आपल्या घरात फार पूर्वीपासून होती, आणि ती सनद म्हणजे रुक्मिणीचे पत्र होय.

भागवताच्या दशम स्कंधातील हा सात श्लोकांचा निरोप मी जितक्या वेळा वाचतो, तितक्या वेळा तो मला प्रेमपत्राहून एखाद्या मुत्सद्द्याच्या मसलतीसारखा अधिक वाटतो. भावाने शिशुपालाशी सोयरीक पक्की केलेली आहे आणि विवाहाची तिथी दाराशी येऊन ठेपली आहे, अशा वेळी कौंडिण्यपूरची ही कन्या केवळ आर्जव करीत बसत नाही. अंतःपुरात शिरलास तर माझ्या आप्तांचा वध करावा लागेल ही अडचण ती आपण होऊन उपस्थित करते, आणि विवाहाच्या आदल्या दिवशी नववधूने नगराबाहेर गिरिजेच्या दर्शनास जाण्याची आमच्या कुळाची वहिवाट आहे, असे सांगून त्या अडचणीचा परिहारही तीच करते. स्थळ, वेळ, निमित्त आणि, प्रयोजन असफल झाल्यास प्राणत्यागाचा निर्धार, असा सारा तपशील तिच्या हातचा आहे. द्वारकाधीशाने फक्त रथ आणावयाचा आहे.

आता मला ज्या शब्दाने गुंतवून ठेवले, त्याकडे वळतो. मनुस्मृतीच्या आठ विवाहप्रकारांत हा विवाह राक्षसविधीत जमा होतो, आणि स्वतः रुक्मिणीही त्या विधीचे नाव घेते. गुजरातेत प्रेमानंदाने आपल्या आख्यानाचे नाव ‘रुक्मिणीहरण’ असेच ठेवले. आसामात शंकरदेवानेही हरणाचाच शब्द वापरला. महाराष्ट्रात मात्र नरेंद्राने शके 1214 मध्ये आणि एकनाथांनी शके 1493 मध्ये काशीस बसून जे ग्रंथ रचिले, त्या दोहोंचे नाव ‘रुक्मिणीस्वयंवर’! जेथे राजांची सभा भरली नाही, पण लावला गेला नाही आणि भर मंडपात कोणाच्या गळ्यात माळ पडली नाही, त्या प्रसंगास स्वयंवर कसे म्हणावे?

एक पक्ष असे म्हणेल की हरिवंशाच्या प्रचलित पाठात रुक्मिणीच्या स्वयंवरासाठी राजे जमल्याचा आणि ते स्वयंवर मोडल्याचा वृत्तांत आहे, आणि नाव तेथून आले. हा पक्ष दुर्बळ नाही. पण नाथांनी आधार घेतला तो भागवताचा, आणि मोडलेल्या समारंभाचे नाव सिद्धीस गेलेल्या कार्यास कोणी देत नाही. दुसरा पक्ष असा की मराठीत ‘स्वयंवर’ म्हणजे कोणतेही पौराणिक लग्न; सीतेने कोठे आपखुशीने वर निवडला होता, तरी विष्णुदास भाव्यांचे 1843 चे नाटक ‘सीतास्वयंवर’च ठरले. याला माझे उत्तर असे की जनकाच्या घरी निदान धनुष्य होते व राजसभाही होती. कौंडिण्यपुरात यांपैकी काहीच नव्हते, होते ते फक्त पत्र. आमच्या कवींनी ते पत्रच वरमाला मानले, आणि लेखणीने केलेली निवड हे खरे स्वयंवर ठरविले, असे माझे ठाम मत आहे.

या मताला बळकटी येते ती महदाइसेच्या धवळ्यांमुळे. महानुभाव पंथातील गोविंदप्रभूंनी ऋद्धिपुरात आपल्या लग्नाचा खेळ मांडला तेव्हा तिने वरपक्षाची गाणी म्हणून श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गाइले. ही आपली आद्य कवयित्री, आणि ऋद्धिपूर व कौंडिण्यपूर ही दोन्ही गावे आजच्या अमरावती जिल्ह्यातली. मराठीतील एका स्त्रीची पहिली मोठी रचना या कथेवर असावी आणि तीही विवाहगीत म्हणून गाइली जावी, हा योगायोग मी मानीत नाही. लग्नघरी बायका जी कथा गातात, तिच्यात वधूला कोणी पळविले यापेक्षा वधूने कोणास वरिले हेच गाण्याजोगे असते.

गिरिजेचे ते देऊळ कोणते, याविषयी अमरावतीची अंबादेवी आपला हक्क सांगते. आणि पार पूर्वेस अरुणाचलातही भीष्मकनगर नावाचे प्राचीन दुर्गावशेष असून तेथील इदू मिश्मी लोकांत रुक्मिणीला आपली कन्या मानण्याची परंपरा आहे. या वादात मी पडत नाही. गौरीहराविषयी मात्र एक तर्क केल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे वधू मंगलाष्टकांपूर्वी गौरीहरापाशी बसते ती घराच्या आत, आणि तेथून मामा तिला हाताला धरून बोहल्यावर आणतो. पोथ्या याला शिवपार्वतीच्या पूजनाचे कारण देतात, आणि ते योग्यच आहे. पण वेशीबाहेरची गिरिजा माजघरात आली ती, एकदा पोळलेल्या वधूपित्यांनी केलेला बंदोबस्त म्हणून, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1882 च्या ‘सौभद्रा’त दुर्योधनाशी ठरलेले लग्न चुकविणारी सुभद्रा रंगभूमीवर आली, आणि 1916 मध्ये बालगंधर्व रुक्मिणी होऊन उभे राहिले, तेव्हा खाडिलकरांना नाटकाच्या नावात रुक्मिणीचा उल्लेखही करावा लागला नाही: नुसते ‘स्वयंवर’ म्हटले की प्रेक्षकांच्या मनात कोण उभी राहते, हे ते जाणून होते.

नाथांच्या त्या 18 प्रसंगांच्या पोथीचे पारायण उपवर मुलींनी केले असता लग्न लवकर जुळते, अशी श्रद्धा घरोघर आहे. माझ्या आजोळी देवघराच्या फळीवर तिची लाल बासनात बांधलेली प्रत होती, आणि एखाद्या मावशीचे लग्न लांबू लागले की आजोबा स्वतःच्या हाताने ती काढून तिच्यापुढे ठेवीत.