मत एक, मोजण्याच्या तऱ्हा अनेक

मंडळी, कोण निवडून येणार यावर आपण पारावर रोज वाद घालतो. पण मतं मोजायची कशी, यावर कुणी बोलत नाही. आज तेच बोलू, आणि आपल्या सातारा-सांगलीच्या अंगाने बोलू.

सुरुवात १९३७ पासून. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. सांगली शहर संस्थानात, तर वाळवा, तासगाव सातारा जिल्ह्यात. मुंबई प्रांतात राखीव जागा असलेल्या मतदारसंघातून एकाहून अधिक जण निवडायचे असत. जितक्या जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकालाच टाकायची मुभा. पुणे करारामुळे मतदारसंघ संयुक्त होते. दलित मतदार संख्येने थोडे, पण सगळी मतं एकाच नावावर पडली की वजन यायचं. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले, त्यांतले बहुतेक जिंकले. सातारा उत्तरचे खंडेराव सावंत त्यांतलेच.

१९५२ ला नियम बदलला. दोन जागा, दोन मतं, पण एका उमेदवाराला एकच. मुंबई उत्तरमध्ये बाबासाहेब काजरोळकरांकडून सुमारे १४ हजारांनी हरले. काँग्रेसचा जोर होताच, कारण एकच नव्हतं. पण मतं एकवटण्याचं जुनं साधन हातातून गेलं होतं, हे विसरून कसं चालेल? पुढे १९६१ मध्ये दोन जागांचे मतदारसंघच रद्द झाले. उरलं ते साधं गणित: ज्याला सर्वांत जास्त मतं, तो खासदार.

हे गणित सांगलीने २०१९ ला पाहिलं. संजयकाका पाटील ५,०८,९९५, विशाल पाटील ३,४४,६४३, गोपीचंद पडळकर ३,००,२३४. हरलेल्या दोघांची बेरीज जिंकलेल्यापेक्षा जास्त. पडळकरांची मतं दुसऱ्या कुणाकडे वळली असती, हे आम्ही सांगू शकत नाही. अडचण तीच आहे: मतदाराला ते विचारायची सोयच या पद्धतीत नाही.

२०२४ ला पद्धत तीच, पण मतदार वेगळे वागले. आघाडीचा अधिकृत उमेदवार साठ हजारांच्या आसपास थांबला आणि अपक्ष विशाल पाटील लाखभराच्या फरकाने जिंकले. जे काम फ्रान्समध्ये मतदानाची दुसरी फेरी करते, ते इथे लोकांनी अंदाजाने, गावोगावच्या चर्चेतून केलं. अंदाज चुकला असता तर?

आता गंमत बघा. पुणे पदवीधर मतदारसंघात सातारा-सांगलीचा पदवीधर नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. पहिला बाद झाला तर त्याचं मत दुसऱ्याकडे जातं. म्हणजे ही पद्धत आपल्याकडे परकी नाही, फक्त पदवीधरांसारख्या मोजक्या मतदारांपुरती राखलेली आहे. ऊसतोड मजुराला दुसरी पसंती नसते का? याचं उत्तर आपणच द्यायला हवं.