मृत्यूच्या कारणाची नोंद : लंडनच्या म्हाताऱ्यांपासून ‘नमुना ४’ पर्यंत

माणूस वारल्यावर दोन वेगळे कागद तयार होतात. बँकेत, विम्याला आणि वारसनोंदीला लागतो तो मृत्यूचा दाखला. तो ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा निबंधक देतो. दुसरा कागद त्याच्या आधीचा आणि डॉक्टरच्या सहीचा : मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला. कोण, कधी आणि कुठे वारले हे पहिल्यावर असते. कशाने वारले हे दुसऱ्यावर. हे ‘कशाने’ कोणी ठरवायचे आणि नेमके काय लिहायचे, याचा उलगडा व्हायला सुमारे तीनशे वर्षे लागली.

सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची छापील यादी निघे. प्लेगची चाहूल वेळेत लागावी, हा तिचा मुख्य हेतू. कारण ठरवण्याचे काम मात्र डॉक्टरांकडे नव्हते. चर्चच्या परगण्याने नेमलेल्या, बहुधा गरीब आणि वयस्क, बाया घरी जाऊन प्रेत पाहत, घरच्यांना विचारत आणि कारण सांगत. यादीत क्षय आणि देवी यांच्या जोडीला ‘दात’, ‘म्हातारपण’ आणि ‘अचानक’ अशीही कारणे असत. जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने या याद्या वर्षानुवर्षांच्या जुळवून १६६२ मध्ये पुस्तक लिहिले. लोकसंख्याशास्त्राचा आरंभ तिथून मानतात. बिअरचा पेला आणि दुप्पट मोबदला मिळाला की या बाया उपदंशाचा मृत्यू क्षयात ढकलतात, हेही त्याने नोंदवले. घराण्याची लाज राखण्यासाठी कारण बदलणे, ही या नोंदीतली सर्वांत जुनी खोट आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली. तिथल्या निबंधक कार्यालयात १८३९ पासून विल्यम फार हा डॉक्टर आकडेवारी पाहू लागला. एकाच आजाराला तीन-चार नावे, एकाच नावाखाली वेगवेगळे आजार आणि मूळ रोगाऐवजी त्याच्यातून उद्भवलेली गुंतागुंत, असा घोळ त्याला आढळला. १८४५ च्या सुमारास डॉक्टरांना कोऱ्या दाखल्यांची पुस्तके धाडण्यात आली आणि १८७४ च्या कायद्याने शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरवर दाखला देण्याचे बंधन आले.

देशोदेशींचे आकडे शेजारी ठेवायचे तर आजारांची यादीही एकच हवी. १८५३ मध्ये ब्रुसेल्सच्या सांख्यिकी परिषदेने ते काम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पीन यांच्यावर सोपवले. पुढे फ्रान्सच्या जाक बर्तियों यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे मांडलेली यादी मान्य झाली आणि १९०० मध्ये पॅरिसला तिची पहिली सुधारणा झाली. आजचे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण याच यादीतून वाढले.

भारतात नोंदणी आली ती गावकामगारांच्या हातून. मुंबई इलाख्यात जन्म आणि मृत्यू टिपण्याचे काम गावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडे होते. विदर्भात कोतवाल नोंदीचे पुस्तक घेऊन पोलीस ठाण्यावर जाई. हीच ‘कोतवाल बुक’ आणि ‘गाव नमुना १४’ नावाने ओळखली जाणारी दप्तरे. त्यांतल्या अनेक नोंदी मोडीत आहेत आणि जातीचा रकाना असल्यामुळे जातपडताळणीसाठी त्यांच्या नकला आजही काढल्या जातात. कारणाचा रकाना मात्र ढोबळच राहिला. कॉलरा, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, इजा आणि ‘इतर’ एवढ्या खणांत सगळे मृत्यू बसवायचे. हिवताप असो, विषमज्वर असो की बाळंतज्वर, नोंद ‘ताप’ अशीच होई. म्हणून वार्षिक अहवालांत ताप हेच सर्वांत मोठे कारण दिसत राहिले.

या पद्धतीचा कस मुंबईच्या प्लेगात लागला. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीचा प्लेग ओळखला. प्लेग म्हटले की घरातली माणसे छावणीत, सामानाची जाळपोळ आणि घराची झडती, या धास्तीने लोक आजार आणि मृत्यूचे खरे कारण दडवू लागले. दप्तरी प्लेगचे मृत्यू कमी आणि शहरातले एकूण मृत्यू मात्र नेहमीपेक्षा कितीतरी जास्त, अशी तफावत पडली. साथीचा खरा आकार कारणाच्या रकान्यातून नव्हे, तर या वाढीव मृत्यूंवरून ताडावा लागला.

दरम्यान पश्चिमेत वेगळाच प्रश्न उभा होता. डॉक्टरने दोन-तीन आजार लिहिले तर मोजायचा कोणता? अमेरिकेने १९१४ मध्ये त्यासाठी जोडकारणांचे नियमपुस्तक काढले. त्यावरून निवड कार्यालयातला कारकून करी. १९४८ मध्ये रोगवर्गीकरणाच्या सहाव्या सुधारणेबरोबर आंतरराष्ट्रीय दाखल्याचा नमुना ठरला आणि कारणांचा क्रम लावणे डॉक्टरचे काम झाले. मृत्यूपर्यंत नेणारी साखळी ज्या रोगाने वा इजेने सुरू झाली, ते मूळ कारण मोजायचे, असे ठरले. मूळ कारण आटोक्यात आणले की पुढची सारी साखळीच टळते, हा त्यामागचा विचार.

म्हणून दाखल्याचा पहिला भाग वरून खाली, पण काळाच्या उलट दिशेने भरायचा असतो. समजा, मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची जखम चिघळून तो दगावला. ओळ (अ) : सेप्टिसीमिया, २ दिवस. ओळ (ब) : पायाचे गँगरीन, ३ आठवडे. ओळ (क) : मधुमेह, १२ वर्षे. त्याला उच्च रक्तदाबही असेल आणि त्याने प्रकृती खालावण्यास हातभार लावला असेल, पण तो या साखळीत बसत नसेल, तर तो दुसऱ्या भागात. मोजला जातो तो मधुमेह. याच रुग्णाच्या दाखल्यावर नुसते ‘हृदयक्रिया बंद पडली’ असे लिहिले, तर ते खोटे नसते, पण निरुपयोगी असते. हृदय प्रत्येकाचेच थांबते. ते मृत्यूचे लक्षण आहे, कारण नव्हे. एका ओळीत दोन आजार, कोरा सोडलेला कालावधी आणि आद्याक्षरे या आणखी नेहमीच्या चुका. ‘एमआय’ म्हणजे मायोकार्डियल इन्फार्क्शन की मायट्रल इन्कॉम्पिटन्स, हे संकेतांक देणाऱ्याला कळणार कसे? अपघातात तर इजेबरोबर ती कशी झाली हेही लागते. शिवाय अपघात, विषबाधा किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पंचनामा आणि शवविच्छेदन आधी.

भारतात १८८६ चा नोंदणी कायदा ऐच्छिक होता. सक्ती आली ती जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ ने. त्याच्या नियमांनुसार रुग्णालयातील मृत्यूसाठी ‘नमुना ४’ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी ‘नमुना ४ अ’ वापरतात. दाखला विनामूल्य द्यायचा असतो. निबंधक नातेवाइकांना देतो त्या उताऱ्यात कारण उघड करायचे नाही, असे कलम १७ सांगते. घराण्याच्या अब्रूपायी कारण दडवण्याची निकड त्यामुळे उरत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सर्व रुग्णालयांना कारणाचा दाखला देणे बंधनकारक केले आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही देण्याची तरतूद केली.

जिथे डॉक्टर पोचत नाही तिथे घरच्यांना विचारण्याची जुनीच वाट शास्त्रशुद्ध करण्यात आली. प्रशिक्षित कार्यकर्ता ठरावीक प्रश्नावलीने शेवटच्या आजाराची लक्षणे टिपतो आणि डॉक्टर त्यावरून कारण ठरवतात. बालमृत्यूंची कारणे अशी ठरवण्याचे निकष गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. या पद्धतीची गरज अजून सरलेली नाही, कारण २०२० मध्ये देशात नोंदवल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते.