आकाशातील रांग जमिनीवर

अमेरिकेतील हवाई मार्गांवरच्या वाहतुकीचे पहिले नियंत्रण केंद्र डिसेंबर १९३५ मध्ये न्यूअर्क येथे सुरू झाले, ते सरकारने नव्हे, तर विमान कंपन्यांनीच आपसांत मिळून उभारले होते. सरकारने ते जुलै १९३६ मध्ये ताब्यात घेतले. तेथील नियंत्रकांचा वैमानिकांशी थेट रेडिओसंपर्क नसे. कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी दूरध्वनीवरून कळवलेल्या वेळा फळ्यावर मांडायच्या, नकाशावरील लहानशा खुणा हाताने पुढे सरकवायच्या आणि दोन विमाने एकाच वेळी एका ठिकाणी पोहोचणार असे दिसले की त्यांतील एकाला थांबवायचे, अशी ती रीत होती.

विमानाला थांबवायचे म्हणजे घिरट्या घालायला लावायचे. ठरावीक बिंदूभोवती एकावर एक, हजार-हजार फुटांच्या अंतराने विमाने फिरत राहत आणि सर्वांत खालचे उतरले की बाकीची एकेक थर खाली येत. आकाश अफाट असूनही ही वेळ येई, कारण हवाई क्षेत्राची क्षमता, म्हणजे तासाभरात सुरक्षितपणे हाताळता येणारी विमानांची संख्या, आकाशाच्या विस्तारावर नव्हे, तर धावपट्टी आणि नियंत्रकाचे अवधान यांवर ठरते. (मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन असूनही एका वेळी एकच वापरता येते.)

जुलै १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या आकाशात ही व्यवस्था तुंबली आणि काही विमानांना तीन-तीन तास खोळंबावे लागले. त्यावर उपाय म्हणून १९६९ पासून न्यूयॉर्क परिसरातील तीन विमानतळ, शिकागोचे ओ'हेअर आणि वॉशिंग्टन नॅशनल येथे तासाला किती उड्डाणे व अवतरणे व्हावीत याची मर्यादा घालण्यात आली. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळासाठी ती ८० होती. पुढच्याच वर्षी देशभरच्या वाहतुकीचा एकत्रित विचार करणारे मध्यवर्ती केंद्र स्थापन झाले. तरीही घिरट्यांची सवय मोडली ती नियमांपेक्षा इंधनाच्या भावाने, असे म्हणणे अधिक रास्त ठरेल, कारण १९७३ च्या तेलटंचाईनंतर हवेत जाणारे प्रत्येक मिनिट कंपन्यांना खुपू लागले आणि उतरण्यास जागा नसेल, तर विमानाने मूळ विमानतळावरच इंजिने बंद ठेवून थांबावे, हा विचार त्यांना पटू लागला.

ऑगस्ट १९८१ मधील नियंत्रकांच्या संपानंतर अध्यक्ष रेगन यांनी त्यांतील अकरा हजारांहून अधिक जणांना बडतर्फ केले, तेव्हा धावपट्ट्या होत्या तेवढ्याच राहिल्या, पण क्षमता एका फटक्यात घटली. २२ मोठ्या विमानतळांवर गर्दीच्या वेळची जवळपास निम्मी उड्डाणे रद्द करावी लागली. उरलेल्या विमानांना पुढे उतरण्याची जागा मिळेल या हिशेबाने निघण्याची वेळ नेमून दिली जाऊ लागली, आणि नवे नियंत्रक तयार झाल्यावरही ही पद्धत कायम राहिली.