‘प्रवाह’ आणि ‘नळ’ : महाराष्ट्रातील जलशुद्धतेच्या जबाबदारीची वाटणी

पाण्याच्या शुद्धतेची जबाबदारी राज्यशासनाची की स्थानिक संस्थेची, हा प्रश्न सकृद्दर्शनी प्रशासनशास्त्राचा वाटतो. परंतु कायद्यातील शब्दांच्या अर्थमर्यादांनी ही वाटणी कशी घडविली, हे पाहिल्यावाचून त्याचा उलगडा होत नाही. त्याच दृष्टीने येथे विचार करावयाचा आहे.

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमाने पाणीपुरवठा आणि सांडपाण्याचा निचरा ही दोन्ही कर्तव्ये नगरसंस्थेवर सोपविली. पुढे संविधानाच्या राज्यसूचीत स्थानिक शासन (नोंद ५), सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता (नोंद ६) आणि पाणी (नोंद १७) हे विषय राज्याकडे आले खरे, पण तीन स्वतंत्र नोंदींनी. ज्या पाण्यापासून रोग उद्भवतो आणि जे धरणात साठते, ते एकच असले तरी त्यांची खाती निराळी राहिली.

महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि १९७० साली मंडळ स्थापिले. केंद्राचा १९७४ चा अधिनियम राज्याने १९८१ मध्ये स्वीकारला. या अधिनियमातील ‘प्रवाह’ या संज्ञेची व्याप्ती लक्षणीय आहे. नदी, वाहता वा कोरडा पडलेला ओढा, भूगर्भातील पाणी, समुद्राचे पाणी, हे सारे तीत येते; घरात येणारा नळ मात्र येत नाही. म्हणजे पाणी निसर्गात असेपर्यंत त्याच्या शुद्धतेची राखण मंडळाने करावयाची आणि ते नळात शिरताच ती नगरसंस्थेने करावयाची, अशी सीमारेषा या एका व्याख्येने आखली.

या रेषेवर नगरसंस्थेची स्थिती चमत्कारिक होते. वरच्या अंगास ती शुद्ध पाण्याची मागणी करणारी, तर खालच्या अंगास सांडपाणी सोडणारी, आणि म्हणून मंडळाच्या संमतीस बांधलेली. स्थानिक संस्थांच्या सदस्यांतून पाचापर्यंत प्रतिनिधी मंडळावर नेमण्याची तरतूद कायद्याने केली. परंतु एका मेजाभोवती बसल्याने दोन्ही टोकांचे हिशेब एकत्र होतातच असे नाही.

ग्रामीण भागात तुलनेने सोपा मार्ग सापडला. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने देतो, टी.सी.एल. पावडर टाकली जाते, ओ.टी. चाचणी होते, आणि सर्वेक्षणानंतर आरोग्य खाते गावास लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देते. सरपंच, आरोग्यसेवक आणि जिल्हा परिषद हे तिघेही त्या रंगाचा एकच अर्थ लावतात. समन्वयाचा पाया अशी समाईक परिभाषा होय.

ती नसल्यास काय घडते, हे पुण्याच्या उदाहरणावरून दिसते. खडकवासला धरणालगतची नांदेड, किरकटवाडी आदी गावे २०२१ साली महानगरपालिकेत आली. धरण राज्याच्या जलसंपदा खात्याचे; विहीर आणि नळ महापालिकेकडे आले. तेथील विहिरीचे पाणी गाळण्याच्या प्रक्रियेवाचून केवळ क्लोरीन घालून पुरविले जात होते. जानेवारी २०२५ मध्ये या परिसरात गिलाँ-बारे विकाराची साथ उद्भवली. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली, आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू आढळला. हद्दीची रेषा बदलली, पण शुद्धीकरणाची व्यवस्था त्या रेषेबरोबर पोहोचली नव्हती.

तात्पर्य, उणीव यंत्रणांच्या संख्येची नव्हे. उगमापासून घरापर्यंतच्या पाण्यास व्यापणारी एक संज्ञा आणि तिच्यासाठी उत्तरदायी एक अधिकारी कायद्यात येईपर्यंत प्रत्येक यंत्रणा आपापल्या व्याख्येपुरती निर्दोष ठरेल, आणि दूषित पाणी मात्र घरापर्यंत पोहोचत राहील.