नाव नसलेल्या फायली

ऑनलाइन कोर्स चालवण्यासाठी कॉलेजं वापरतात त्या 'मूडल' या सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये एका फोल्डरची तजवीज करून ठेवलेली आहे. त्याचं नाव 'जॅकपॉट'. दोन वेगळ्या फायलींची गणिती खूण योगायोगाने एकच निघाली, तर पुराव्यादाखल दोन्ही फायली तिथे नेऊन ठेवायच्या, एवढंच त्याचं काम. बहुतेक सर्व्हरांवर हा फोल्डर कधी तयारच होत नाही. ज्या खुणेवर ही सगळी मदार आहे, ती मात्र मूडल चालवणाऱ्या कॉलेजांच्या रोजच्या व्यवहारात मुरलेली आहे. 'एवढे कोर्स उडवले, तरी डिस्कवर जागा का होत नाही?' या जुन्या तक्रारीचं एक मूळ तिच्यातच सापडतं.

मूडलचा जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातला. त्याचे कर्ते मार्टिन डुगियामास यांचं बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात गेलं. त्यांची शाळा शॉर्टवेव्ह रेडिओवर भरायची आणि अभ्यासाचे कागद विमानाने यायचे. पुढे कर्टिन विद्यापीठात 'वेबसीटी' हे विकत घेतलेलं सॉफ्टवेअर सांभाळताना ते त्याला कंटाळले आणि १९९९ च्या सुमारास स्वतःचं काही लिहू लागले. २० ऑगस्ट २००२ रोजी मूडलची १.० आवृत्ती आली. ती फुकट होती, कोड खुला होता आणि कोणीही ती आपल्या सर्व्हरवर बसवू शकत होतं. २००५ मध्ये ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने मूडल स्वीकारलं. आपल्याकडे आयआयटी मुंबईत ते रुळलं, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मूडल शिकवणारे धडेही तयार केले. सॉफ्टवेअर फुकट मिळालं खरं, पण डिस्क ज्याची त्यानेच आणायची होती.

सुरुवातीच्या मूडलमध्ये घर आवरणं सोपं होतं. 'मूडलडेटा' नावाचा एक मोठा फोल्डर असायचा, त्यात प्रत्येक कोर्सच्या क्रमांकाचा एकेक फोल्डर आणि त्यात शिक्षकांनी चढवलेल्या फायली आपापल्या मूळ नावांनी नांदत असायच्या. बॅकअपचा कप्पा वेगळा, विद्यार्थ्यांनी दिलेल्या असाइनमेंटचा वेगळा. ॲडमिनने आत जाऊन यादी काढली, की पाच वर्षांपूर्वीची झिप फाइल लगेच डोळ्यांत भरायची. तिथल्या तिथे ती उडवली, की तेवढी जागा सुटायची. मात्र तीच फाइल कुठल्या पानावर जोडलेली आहे, हे फोल्डर सांगत नसे. सत्र सुरू झाल्यावर लिंक तुटल्याची ओरड झाली, की ते कळायचं. शिवाय एकच प्रेझेंटेशन पाच कोर्सांत असेल तर डिस्कवर त्याच्या पाच प्रती. तरी निभावून जाई, कारण पीएचपीची मूळ अपलोड मर्यादाच २ एमबीची होती.

२४ नोव्हेंबर २०१० रोजी २.० आवृत्ती आली आणि हे दृश्य पार बदललं. पेत्र श्कोडा या प्रोग्रामरच्या हातून फायलींची नवी व्यवस्था उभी राहिली होती. फाइल आली की 'शा-१' या सूत्राने तिच्या मजकुरावरून चाळीस अक्षरांची एक खूण काढायची आणि डिस्कवर तेच तिचं नाव. पहिल्या दोन अक्षरांचा एक फोल्डर, त्याच्या आत पुढच्या दोन अक्षरांचा दुसरा, आणि तिथे ती फाइल. तिचं खरं नाव, मालक, कोर्स ही सगळी माहिती डेटाबेसच्या एका तक्त्यात. मजकूर तोच असेल तर खूणही तीच, म्हणून पन्नास कोर्सांत जोडलेली पीडीएफ डिस्कवर एकदाच साठते.

ही युक्ती मूडलची एकट्याची नव्हे. बेल लॅब्सच्या 'व्हेंटी' या साठवण यंत्रणेने २००२ मध्ये आणि 'गिट'ने २००५ मध्ये हाच मार्ग धरला होता. व्हेंटीच्या कर्त्यांनी तर पुसण्याची सोयच ठेवली नव्हती. एकदा लिहिलं ते कायमचं. शाळा-कॉलेजांना हे परवडणारं नव्हतं. मूडलला पुसणं भागच होतं, आणि इथून गुंता सुरू झाला.

आता ॲडमिन फोल्डर उघडून पाहतो तर समोर सगळी अगम्य अक्षरं. कुठली फाइल रद्दी आणि कुठली परवाच्या परीक्षेची, हे डोळ्यांनी कळत नाही. हाताने पुसावी, तर ती कदाचित चाळीस ठिकाणी लागत असते. मूडलमधून रीतसर पुसली तर तक्त्यातली एक नोंद जाते. शेवटची नोंद गेली तरच फाइल 'ट्रॅशडिर' या कचऱ्याच्या फोल्डरमध्ये सरकते, आणि क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, फिरलं की तिथून ती जाते. क्रॉनच बंद पडलं असेल, तर कचरा तसाच साचत राहतो. शिक्षकाने फॉर्ममध्ये चढवून मधेच सोडून दिलेली फाइलही 'ड्राफ्ट' म्हणून चार दिवस सांभाळली जाते. शिक्षकांनाही आपले ओळखीचे फोल्डर गेल्याचं रुचलं नाही. त्यांच्यासाठी 'लेगसी कोर्स फाइल्स' नावाचा जुना दरवाजा किलकिला ठेवावा लागला.

पुढे काही सोयी हरवण्याच्या भीतीपोटी आल्या आणि त्यांनी जागा खाल्ली. ब्रिटनच्या केंट विद्यापीठात तयार झालेली 'रिसायकल बिन' २०१६ मध्ये ३.१ आवृत्तीत मूडलचा भाग बनली. तिची गंमत अशी, की कोर्स पुसला की मूडल आधी त्याचा बॅकअप काढून पेटीत ठेवतं. म्हणजे भरल्या डिस्कवर जागा करायला गेलेला माणूस आधी आणखी एक मोठी फाइल तयार करतो!

स्वयंचलित बॅकअपची कथा याहून कडू. बॅकअप फाइलच्या पोटात तो काढल्याची वेळ लिहिलेली असते. त्यामुळे कोर्समध्ये तसूभर बदल झालेला नसला तरी दर आठवड्याचा बॅकअप वेगळा ठरतो आणि त्याची खूणही वेगळी निघते. एकच व्हिडिओ एकदाच साठवण्याचा सगळा हिशेब इथे कोलमडतो, कारण तो व्हिडिओ प्रत्येक बॅकअपच्या आत नव्याने बांधलेला असतो. किती बॅकअप ठेवायचे तो आकडा कमी करणं हे यावरचं सगळ्यात सोपं औषध, आणि बहुधा सगळ्यात उशिरा आठवणारंही.

असाइनमेंट पीडीएफवरच तपासण्याची सोय २.६ मध्ये, म्हणजे २०१३ साली आली. शिक्षकाला पीडीएफवरच शेरे लिहिता यावेत म्हणून मूडल तिच्या प्रत्येक पानाचं चित्र बनवून साठवतं. टाइप केलेल्या चार पानांना ते चालून गेलं. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागल्यानंतर मात्र विद्यार्थी हाताने लिहिलेल्या उत्तरपत्रिकांचे फोनने फोटो काढून पीडीएफ चढवू लागले. त्या कामासाठी अनेकांच्या फोनवर असलेल्या कॅमस्कॅनरवर भारतात २९ जून २०२० रोजी बंदी आली, म्हणून मुलांनी दुसरी ॲप्स धरली. पानं काही कमी झाली नाहीत. वीस पानांची एक उत्तरपत्रिका आणि वर तिची वीस चित्रं. साठ जणांचा वर्ग आणि सहा विषय धरले, तर हिशेब करायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

डेटाबेसचं दुखणं निराळं. २.७ पासून, म्हणजे २०१४ पासून, प्रत्येक क्लिकची नोंद एका तक्त्यात जाते, आणि 'कधीच पुसू नका' हेच मूळ सेटिंग असतं. जाग आल्यावर ॲडमिन लाखो ओळी उडवतो, तरी डिस्क हलत नाही. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन रिकामी झालेली जागा पुढच्या ओळींसाठी राखून ठेवतं, ऑपरेटिंग सिस्टिमला परत करत नाही. ती परत मिळवायची तर तक्ता नव्याने बांधावा लागतो, आणि ते करताना दुसरी प्रत ठेवायला तेवढीच मोकळी जागा लागते. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर हेही जमत नाही. लॉगिनची सत्रं त्याच डिस्कवरच्या फायलींत ठेवली जात असतील, तर आवरायला आत शिरण्याचीच पंचाईत.

किती वर्षं ठेवायचं हा प्रश्न सरकारी कचेऱ्यांनी अ, ब, क, ड असे अभिलेखांचे वर्ग पाडून कधीच सोडवला आहे. मूडलला तो धडा कायद्याने दिला. युरोपचा 'जीडीपीआर' हा माहिती-संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू होणार होता; त्याच्या आठवडाभर आधी आलेल्या ३.५ आवृत्तीत माहितीच्या प्रत्येक प्रकाराला मुदत ठरवण्याची सोय होती. तोवर पुसणं ही ॲडमिनची निकड होती, आता ती संस्थेची जबाबदारी झाली.

तो 'जॅकपॉट' मात्र २०१७ मध्ये थोडा बिचकवून गेला. २३ फेब्रुवारीला गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने एकाच शा-१ खुणेच्या दोन वेगळ्या पीडीएफ जगापुढे ठेवल्या. दोन्हींचा आकार बाइटगणिक सारखा होता, आणि मूडल तर आधी आकारच पडताळत असे. तो जुळला, की फाइल जुनीच आहे असं धरून पुढे जात असे. म्हणजे खराखुरा जॅकपॉट लागला असता तरी तो फोल्डर रिकामाच राहिला असता.

या साऱ्या अक्षरांच्या जंगलात एक फाइल प्रत्येक मूडलवर हमखास भेटते. 'डीए' नावाच्या फोल्डरात '३९' नावाचा फोल्डर आणि त्यात ती. तक्त्यातल्या प्रत्येक फोल्डरची नोंद एका रिकाम्या मजकुराशी बांधलेली असते. त्या रिकामेपणाची खूण म्हणजे ही फाइल. तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी हजारोंनी असतात, आणि तिचं वजन शून्य बाइट. जागा करायला बसलेला नवखा ॲडमिन रिकाम्या फायली शोधण्याची आज्ञा देतो, तेव्हा हीच त्याच्या हाती लागते.